लेबनीज हॉटेलात ग्रुपने जेवायला जाताय? आधी ऑर्डर कशी द्यायची ते बघून घ्या

शावरमा आता आपल्याकडेही मिळतो, त्यामुळे लेबनीज म्हटलं की सगळ्यांना वाटतं आपल्याला माहितीये. पण हुमुसपासून (काबुली चण्याची घट्ट चटणी) ग्रिलपर्यंत सगळं असलेलं हॉटेल गाठायचं तर जळगाव-धुळ्याचा ग्रुप बहुतेक नाशिक, पुणे, मुंबईला आणि नंदुरबारवाले सुरतला जातात, आणि तिथे बसल्यावर ऑर्डर मात्र हायवेच्या ढाब्यासारखी देतात. म्हणजे प्रत्येकाची वेगळी डिश, सोबत भरपूर रोटी, आणि मग वाट बघत बसायचं की रश्शाची भाजी कधी येणार. ती येत नाही. कोणीतरी विचारतोच, "हाई काय शे भो, भाजी कधी येई?" तोपर्यंत पिटा ब्रेडने पोट फुगलेलं असतं, टेबलावर चार हुमुस पडलेले असतात आणि बिल बघून सगळे गप्प.

इथे जेवण टेबलाचं असतं, माणसाचं नसतं. छोट्या छोट्या प्लेटा मधे ठेवायच्या, सगळ्यांनी त्यातून खायचं, आधी थंड मग गरम मग ग्रिल. एवढं पाळलं तर निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं खाली टप्प्याटप्प्याने लिहितोय.

## टप्पा १ : निघायच्या आधी ग्रुपवर ठरवायच्या गोष्टी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, हॉटेलात नाही.

आधी माणसं मोजा. ४ ते ६ जण असले तर बेस्ट. दोघं गेलात तर तीन प्लेटातच पोट भरतं आणि मेनूचा अर्धा भाग बघायचाच राहतो. ८ च्या वर गेलात तर एका टेबलाचे दोन भाग समजा आणि प्रत्येक डिश दोनदा मागवा, नाहीतर टेबलाच्या त्या टोकाला फलाफल (चण्याचे तळलेले वडे) पोचतच नाही.

मग तारीख. आपल्या ग्रुपात एकाचा सोमवार, एकाचा गुरुवार, एकाचा शनिवार असतोच, वरून एकादशी आणि श्रावण. लेबनीजमध्ये उपवासाला चालेल असं जवळजवळ काही नाही, हुमुस हरभऱ्याचा, तबूलेहमध्ये गहू, ब्रेड मैद्याचा. त्यामुळे "ये तू, काहीतरी मिळेल" असं सांगून उपवासवाल्याला नेऊ नका, तो बिचारा लिंबूपाणी पीत बसतो आणि बिल मात्र सारखं वाटलं जातं.

तिसरी गोष्ट, कोण काय खातं याची लिस्ट. ग्रुपवर एक मेसेज टाका आणि प्रत्येकाने यातलं एक लिहायचं : व्हेज, अंडं चालतं, चिकन चालतं पण मटण नाही, सगळं चालतं, जैन. माळकरी कोणी असेल तर तेही आधीच कळलं पाहिजे, कारण त्याला नॉनव्हेजच्या प्लेटला लागलेला चमचासुद्धा चालणार नाही आणि ते टेबलावर बसल्यावर सांगायला त्याला संकोच होतो. तीळ, अक्रोड, पिस्ता यातलं कोणाला बाधत असेल तर तेही लिहून घ्या. ताहिनी म्हणजे तिळाची पेस्ट, ती इथे अर्ध्या पदार्थांत असते, आणि बकलावात (पाकातली थराथरांची मिठाई) सुकामेवा असतोच.

⚠️ सावध : जैन मित्रासाठी "बिना कांदा-लसूण करून देतील" असं धरून चालू नका. हुमुस, फलाफलचं पीठ, ग्रिलचं मॅरिनेशन हे सगळं सकाळीच करून ठेवलेलं असतं, त्यातून लसूण काढता येत नाही. त्याच्यासाठी साधारण उरतं ते असं : लबनेह (ऑलिव्ह ऑइल घातलेला घट्ट चक्का, पण लसणाचा नाही ना विचारून), कांदा, लसूण, मुळा न घातलेलं फतूश सॅलड, झातरची (सुक्या पानांचा आणि तिळाचा मसाला) नाहीतर चीझची मनाकीश, म्हणजे वर हे लावून भाजलेली रोटी. वांगं बरेच जैन खात नाहीत, बटाटा तर नाहीच. सूर्यास्ताआधी जेवणारा असेल तर मग सरळ दुपारचाच बेत करा.

तसाही बाहेरगावाहून जाणाऱ्यांनी दुपारचाच बेत करावा असं माझं मत आहे. रात्री मोठ्या शहरांत गर्दी साडेआठनंतर होते, ग्रिलला वेळ लागतो, आणि परत धुळ्याला यायचं तर ड्रायव्हिंग करणाऱ्याचे हाल. फक्त एक बघा, बऱ्याच हॉटेलांचं किचन दुपारी साडेतीनच्या सुमारास बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं. मुंबई-आग्रा रोडवर कुठे अडकलात आणि चार वाजता पोचलात तर बाहेरच उभे राहाल.

## टप्पा २ : हॉटेल खरंच लेबनीज आहे का ते बघा आणि फोन करा

बोर्डावर लेबनीज लिहिलेलं असतं आणि आत निघतं भलतंच. ऑनलाइन मेनू उघडा. त्यात मेझ्झेचं, म्हणजे मधे ठेवून खायच्या छोट्या प्लेटांचं, वेगळं पान पाहिजे, आणि हुमुसशिवाय मुतब्बल, लबनेह, तबूलेह, फतूश, किब्बेह यातले निदान तीन-चार पदार्थ दिसले पाहिजेत. फक्त शावरमा, ग्रिल चिकन आणि मेयो दिसलं तर ते शावरमा सेंटर आहे, तिथे अर्ध्या तासात खाऊन निघायचं, या लेखाची गरज नाही. मोठ्या परातीत भात आणि वर मटण असलेली मंदी दिसली तर ते येमेनचं जेवण आहे. छान असतं, पण त्याची ऑर्डर द्यायची पद्धत वेगळी.

मग फोन करा. मेसेज नको, फोनच. एवढं विचारा :

१. इतक्या वाजता इतके जण, टेबल मिळेल का, शेवटची ऑर्डर किती वाजता घेता.
२. फलाफल ज्या तेलात तळता त्याच तेलात किब्बेह किंवा चिकन तळता का.
३. काफ्ता आणि किब्बेह (दोन्ही खिम्याचे) मटणाचे आहेत की बफचे.
४. लसणाच्या सॉसमध्ये अंडं असतं का.
५. ब्रेड संपला तर पुढचा फुकट की पैसे लागतात.

चौथा प्रश्न लोकांना फालतू वाटतो. या लसणाच्या सॉसला तूम म्हणतात, आणि खरा तूम म्हणजे लसूण, तेल, लिंबू, मीठ एवढंच, घोटून घोटून पांढरं क्रीम होतं, अंडं नाही. पण ते करायला वेळ लागतो म्हणून कितीतरी ठिकाणी लसूण घातलेलं मेयोनीज देतात, आणि त्यात अंडं असू शकतं. कच्च्या अंड्याच्या मेयोमुळे लोक आजारी पडल्यावर तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती, त्यामुळे व्हेज असा किंवा नसा, विचारायला काहीच हरकत नाही.

✔ चेक : लिस्ट तयार, वेळ पक्की, तेलाचं उत्तर मिळालं, आणि माणशी किती खर्च चालेल तो आकडा ग्रुपवर सगळ्यांनी मान्य केला. यातलं एक जरी राहिलं तरी पुढे वाद होतो.

## टप्पा ३ : बसल्यावर पहिली दहा मिनिटं

ऑर्डर एकानेच द्यायची. हा माणूस आधीच ठरवा, शक्यतो ज्याने मेनू घरी वाचलाय तो. बाकीच्यांनी त्याला सांगायचं, वेटरला नाही. सहा जण सहा बाजूंनी बोलले की एकच हुमुस तीनदा लिहिला जातो, आणि टेबलावर तिन्ही येतात तेव्हा कोणीच कबूल करत नाही.

व्हेजवाले एका बाजूला, नॉनव्हेजवाले दुसऱ्या बाजूला बसा. वाईट दिसतं असं काहींना वाटतं पण प्लेटा मधून खायच्या असतात, हात इकडून तिकडे जातात, तेव्हा हे फार सोयीचं पडतं. रिकाम्या प्लेटा माणशी दोन मागून घ्या, एक थंड-गरमला, एक ग्रिलला.

आणि वेटरला हे वाक्य सांगाच : "सगळं एकदम आणू नका, मी सांगेन तसं फेरीफेरीने आणा." हे नाही सांगितलं तर आपल्याकडची किचन जे तयार होईल ते पाठवत राहतात, काफ्ता पहिला येतो, हुमुस शेवटी, आणि टेबलावर जागाच उरत नाही.

प्यायला पुदिना-लिंबू किंवा आयरान मागवा. आयरान म्हणजे मीठ घातलेलं दही-पाण्याचं पेय, ग्रिलसोबत मस्त लागतं. जल्लाबही कुठे कुठे मिळतं, खजूर-द्राक्षाचं गोड सरबत, पण ते आधी प्यायलं की भूक मरते. दारू घेणारे असतील तर तिचं बिल सुरुवातीलाच वेगळं करायला सांगा, आणि गाडी चालवणारा त्यातून बाहेर, यावर चर्चा नको.

## टप्पा ४ : पहिली फेरी, थंड प्लेटा

६ जणांसाठी माझा हिशोब असा. हुमुस १ (प्लेट लहान दिसली तर २), मुतब्बल १, लबनेह १, फतूश १. बस. तबूलेह कोणाला आवडत असेल तरच, ते पार्सलीच्या (कोथिंबिरीसारखी दिसते) पानांचं आंबट सॅलड आहे आणि आपल्यातले निम्मे पहिल्या घासालाच "हे तर नुसतं गवत" म्हणतात.

मुतब्बलवर मात्र खानदेशी माणसाने लक्ष ठेवायचं. वांगं विस्तवावर पार काळं होईपर्यंत भाजायचं, गर काढायचा, त्यात ताहिनी, लिंबू, लसूण. आपल्या बऱ्याच हॉटेलांत यालाच बाबा गनूश म्हणून देतात. लेबनॉनमध्ये बाबा गनूश बहुतेक वेळा ताहिनीशिवाय, टोमॅटो-कांदा आणि डाळिंबाचा आंबट पाक घालून करतात, त्यामुळे मेनूवर दोन्ही असले तर ताहिनी कशात आहे ते विचारून एकच घ्या. जळगावच्या भरीत वांग्याला जीआय मिळालेलं आहे, बामणोदची वांगी आपण लहानपणापासून खातोय, म्हणजे भाजलेल्या वांग्याची परीक्षा आपल्याइतकी कोणाला जमणार? धुराचा वास आलाच पाहिजे. आला नाही तर वांगं ओव्हनमध्ये किंवा उकडून केलंय, सरळ सांगा. फक्त त्यात मिरचीचा ठेचा आणि शेंगदाणे शोधू नका, हे आपलं भरीत नाही.

बाकी चेक पटकन :

✔ हुमुस गुळगुळीत पाहिजे, मधे खळगा करून तेल घातलेलं, फ्रीजमधून काढल्यासारखा गार नको. रवाळ लागला आणि तिळाची चव नाही तर ताहिनीत कंजूषी केलीये.
✔ तबूलेह हिरवं दिसलं पाहिजे. त्यात दलिया थोडा आणि पार्सली जास्त असते. उलटं दिसलं तर पैसे वाचवलेत.
✔ फतूशमधले तळलेले ब्रेडचे तुकडे कुरकुरीत पाहिजेत, वर सुमाकची आंबटसर लालसर पूड. हे सॅलड आलं की लगेच खा, पाच मिनिटांत ब्रेड भिजतो.

खायची पद्धत : पिटा गरम आहे तोवर छोटा तुकडा तोडा, दुमडून त्यानेच हुमुस उचला. चमच्याने हुमुस वाढून घेऊन ब्रेडवर लोण्यासारखा फासत बसू नका. एकदा चावलेला तुकडा परत मधल्या वाटीत घालायचा नाही, हे मोठ्या माणसांनापण सांगावं लागतं राव.

⚠️ सावध : सगळ्यात मोठी चूक इथेच. भूक लागलेली असते, ब्रेड गरम येतो, फुगलेला, आणि आपण भाकरीच्या हिशोबाने खातो. माणशी एक पिटा, फार तर दीड, इथे थांबा. काबुली चणा, ताहिनी आणि तेल पोटात गेल्यावर वीस मिनिटांनी कळतं किती झालं ते. दुसरी ब्रेडची टोपली आली की ग्रिल वाया गेलंच समजा.

## टप्पा ५ : दुसरी फेरी, गरम

थंड प्लेटा अर्ध्या झाल्या की गरम मागवा, पूर्ण संपायची वाट बघू नका, कारण हुमुस गरम पदार्थांसोबतही लागतो. लबनेहसुद्धा थोडा बाजूला ठेवा.

फलाफल १, पालकाचे फतायेर किंवा चीझचे संबूसेक (दोन्ही सारण भरलेले, समोशाच्या जातीचे) १, बताता हर्रा १. बताता हर्रा म्हणजे बटाट्याचे तळलेले तुकडे, लसूण, कोथिंबीर आणि मिरची घातलेले, सगळ्या मेनूत आपल्या जिभेला त्यातल्या त्यात हेच जमतं. नॉनव्हेजवाल्यांना किब्बेह १, दलियाच्या पारीत खिमा भरून तळतात.

मागवताना एका प्लेटीत नग किती ते विचारा. सहा जण आणि नग पाच, यावरून आपल्या लोकांचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. बऱ्याच ठिकाणी एक-दोन नग वाढवून देतात, पैसे लागतात पण दुसरी प्लेट घ्यावी लागत नाही.

फलाफल फोडून बघा. आत हिरवट आणि ओलसर पाहिजे, भिजवलेल्या कच्च्या चण्यात पार्सली-कोथिंबीर वाटून तळलेलं असतं. आत पिवळं आणि पिठूळ निघालं तर बहुतेक शिजवलेले चणे किंवा बेसन घातलंय.

तिखटाचं बोलायचं तर लेबनीज जेवण तिखट नसतंच. आपल्याकडे शेवभाजीच्या तर्रीवर वाढलेली मंडळी दोन घासांत "फिकं शे" म्हणून मोकळी होतात. काळा मसाला घरून डबीत घेऊन जायचा उद्योग करू नका, त्याने लिंबू, ताहिनी सगळं मरून जातं. त्यापेक्षा लाल मिरचीची चटणी मागा, शत्ता किंवा हरिसा म्हणून मिळते, आणि सोबत लोणच्याची प्लेट. त्यातला गुलाबी तुकडा बिटाचा नाही, सलगमचा असतो, बिटामुळे फक्त रंग येतो. आंबट-खारट, तोंड साफ होतं.

## टप्पा ६ : ग्रिलची ऑर्डर कधी द्यायची

गरम प्लेटा टेबलावर आल्या की लगेच. ग्रिलला वीसेक मिनिटं सहज लागतात. सगळं संपल्यावर दिली तर मधे रिकामं बसायला होतं, आणि रिकामं बसलेला माणूस ब्रेड मागवतो.

तीन-चार नॉनव्हेजवाले असतील तर मिक्स ग्रिलची एक प्लेट पुरते. त्यात शीश ताऊक (दही, लसूण, लिंबात मुरवलेलं चिकन) आणि काफ्ता (खिमा, कांदा, पार्सली सळीवर लावून) असतोच. इथे तूम लागतो, चिकनसोबत तूम नसेल तर मागून घ्या.

व्हेजवाल्यांचं इथे नेहमी विसरलं जातं. ग्रिल आलं की ते फोन बघत बसतात. त्यांच्यासाठी मुजद्दरा शोधा, मसूर आणि तांदूळ एकत्र शिजवून वर कडक लाल केलेला भरपूर कांदा, सोबत तो ठेवलेला लबनेह. पोट भरतं आणि भाव पण ग्रिलच्या मानाने कमी. ते नसेल तर ग्रिल केलेलं हलूमी चीझ, किंवा भेंडीची नाहीतर घेवड्याची टोमॅटोतली भाजी शेवया घातलेल्या भातासोबत. रश्शाच्या भाजीची आस असलेल्यांना हीच काय ती जवळची. पण या भाज्यांत मटणाचे तुकडे किंवा मटणाचं पाणी घालायची पद्धत आहे, म्हणून "हिरवा डॉट आहे का" एवढ्यावर थांबू नका, रस्सा कशात शिजवलाय ते विचारा. कडक व्हेज असाल तर हलूमीला रेनेट (चीझसाठी दूध फाडायला घालतात ते, जनावराचंही असू शकतं) कोणतं आहे तेही.

✔ चेक : ग्रिलची ऑर्डर द्यायच्या आधी टेबलाला विचारा, अजून कोणाला किती भूक आहे. निम्मे लोक म्हणाले "भरलं" तर एक ग्रिल कमी करा. मी तर म्हणतो भीतीपोटी जास्त मागवण्यापेक्षा कमी मागवून परत मागवलेलं कधीही चांगलं.

## टप्पा ७ : गोड आणि कॉफी

सहा जणांत दोन प्लेटा पुरतात. बकलावा माणशी एक तुकडा, आणि मधे एक कुनाफा (चीझ भरलेली पाकातली मिठाई), तो गरमच खायचा कारण आतलं चीझ थंड झालं की रबर होतं. कॉफी इलायची घातलेली, छोट्या कपात, दूध नाही. तळाशी गाळ असतो तो प्यायचा नाही. ज्याला चहाशिवाय जमत नाही त्याने पुदिना घातलेला काळा चहा घ्यावा, दुधाच्या चहाचा हट्ट इथे नको.

## टप्पा ८ : बिल आणि पार्सल

बिल आलं की आधी प्लेटांची संख्या जुळवा. जास्तीचा ब्रेड, पाण्याच्या बाटल्या, वाढवलेले नग इथेच घोळ असतो. बिलावर जीएसटी साधारण ५ टक्के असतो, अडीच-अडीचच्या दोन ओळींत. मोठ्या तारांकित हॉटेलच्या आतलं रेस्टॉरंट असेल तर १८ टक्केही लागू शकतो, तेव्हा चिडण्याआधी ते बघा.

सर्व्हिस चार्ज वेगळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलंय की तो हॉटेलवाल्याने आपोआप लावायचा नाही, ग्राहकाच्या मर्जीवर आहे. सर्व्हिस आवडली असेल तर खुशाल द्या, नसेल तर काढायला सांगा, शांतपणे. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

पैसे एकानेच भरायचे आणि बाकीच्यांनी टेबलावरून उठायच्या आधी त्याला पाठवायचे. "घरी गेल्यावर टाकतो भो" हे ऐकून घेऊ नका. आणि व्हेज-नॉनव्हेजचा फरक मोठा असेल तर ग्रिलची रक्कम फक्त खाणाऱ्यांत वाटा, उरलेलं सगळ्यांत सारखं. हे टप्पा १ मध्ये ठरलं असेल तर इथे दोन मिनिटं लागतात.

उरलेल्याचं पार्सल घेताना थोडा विचार करा. नाशिकहून धुळ्याला किंवा सुरतहून नंदुरबारला यायला तीन-चार तास जातात, उन्हाळ्यात गाडीत काय तापतं ते सांगायला नको. हुमुस, लबनेह, तूम अजिबात आणू नका. मेयो असलेलं तर नाहीच नाही. फलाफल मऊ पडतं, पिटा वातड होतो. ग्रिलचे तुकडे वाटेतच संपवायचे असतील तरच घ्या. घरच्यांसाठी न्यायचा तर बकलावा, काउंटरवरून सुटा बॉक्स पॅक करून घ्यायचा, साखरेचा पाक असल्याने दोन-चार दिवस आरामात टिकतो, फक्त डब्बा सपाटच ठेवायचा आणि डिकीत नाही, आत पायाशी, नाहीतर पाक सगळा एका कोपऱ्यात जमा होतो.